आप्पांनी पेरलेला तरवड

तरवड कुणी पेरत नाही. तो आपला आपण येतो. मुरमाड माळावर, रस्त्याच्या कडेला, बांधाच्या पोटात, जिथं कुसळी गवताशिवाय दुसरं काही जगत नाही तिथं त्याची कमरेएवढी, छातीएवढी झुडपं उभी असतात. पिवळ्या फुलांचे घोस येतात, मग चपट्या शेंगा वाळून वाऱ्यानं खुळखुळतात. शेळीसुद्धा त्याला तोंड लावत नाही. म्हणून माझ्या वडिलांनी, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, आमच्या दोन एकर माळावर तरवड पेरायचं काढलं तेव्हा गाव त्यांना हसलं.

"लोकं ज्वारी पेरत्यात," पारावर बसलेला एक जण म्हणाला, "ह्यो सरपन पेरतोय."

"ज्वारी तुमी पेरताच की," आप्पा म्हणाले. "मी माझ्या कामाचं पेरतो."

हे एकाहत्तर सालातलं. आमचं गाव जामखेड तालुक्यात. घर कातडं कमावणाऱ्यांचं, म्हणून गावाबाहेर ओढ्याच्या काठाला. मेलेल्या जनावराचं कातडं आमच्या दारात यायचं. आधी चुन्याच्या हौदात, मग केस खरडायचे, मग धुऊन धुऊन चुना घालवायचा आणि मग तरवडाची साल. साल उखळात कुटून पाण्यात घालायची, त्या लाल पाण्यात कातडं मुरवायचं. शेवटी ते पखालीसारखं शिवून तीन वाशांना टांगायचं आणि आत पुन्हा सालीचं पाणी भरायचं. ते पाणी थेंब थेंब झिरपत राही. असं कमावलेलं कातडं पाण्यात वर्षानुवर्षं कुजत नसे. विहिरीवरच्या मोटा त्याच्याच व्हायच्या. नंतर इंजिनं आली, मोटा गेल्या, तरी चपलांच्या तळव्यांना आप्पांचं कातडं लागतच होतं.

पण साल मिळेना. पूर्वी गायरानात कोयता घेऊन गेलं की दिवसभरात डोक्यावर भारा यायचा. मग बाहेरचे ठेकेदार ट्रक घेऊन आले. त्यांनी फांद्या घेतल्या नाहीत, झाडंच उपटली. उरलेली लोकांनी चुलीत घातली. आप्पांना सालीसाठी दोन-दोन गावं ओलांडून जावं लागायला लागलं. तेव्हा त्यांनी ठरवलं की आपणच लावायचा. आजोबांना गावकीच्या कामाबद्दल मिळालेला तो माळ तसा काहीच देत नव्हता.

त्याच वैशाखात मी माहेरी आले. वय एकोणीस.

मला दिलं होतं श्रीगोंदा तालुक्यात. सासरी चपला बनवण्याचं काम. माझे मालक, मी त्यांना मालकच म्हणते, अबोल माणूस. मला पहिली मुलगी झाली. ती साडेचार महिन्यांची असताना तिला हगवण लागली. दोन दिवस घरचं औषध केलं. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं तिला घेऊन एसटीनं श्रीगोंद्याला डॉक्टरकडं निघालो. मी खिडकीशी बसले होते. ती माझ्या मांडीवर पदराखाली होती. रस्ता खराब, गाडी आदळत होती आणि प्रत्येक धक्क्याला मी तिच्या डोक्याखाली हात घट्ट करत होते. ती कधी गेली ते मला कळलं नाही. स्टँडवर उतरलो तेव्हा मालकांनी पदर बाजूला केला, तिच्या नाकापाशी बोट धरलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "दे."

मी दिली.

"तू हितंच बस," ते म्हणाले.

मी बाकावर बसले. ते स्टँडवरच्या एका हमालाला बरोबर घेऊन गेले. माझ्याजवळ तिच्या कपड्यांची पिशवी राहिली. कुणीतरी बाईनं मला चहा आणून दिला, तो मी प्याले. गाड्या लागत होत्या, सुटत होत्या. किती वेळ गेला सांगता येत नाही. मालक परत आले तेव्हा त्यांच्या हातांना ओली माती होती. स्टँडच्या नळावर त्यांनी हात धुतले, नखांतली माती काडीनं काढली आणि मग म्हणाले, "चल. गाडी लागली."

आम्ही परत घरी गेलो. तिला कुठं ठेवलं हे त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. आधी वाटलं, सांगतील. मग वाटलं, आता विचारायचं तरी कसं.

दूध येत राहिलं. सासूबाईंनी छाती फडक्यानं आवळून बांधली. दुखत असेल, पण दुखलं असं मला आठवत नाही. रडूही आलं नाही. शेजारणी येऊन बसायच्या, त्या रडायच्या आणि मी त्यांच्या तोंडाकडं बघत बसायची. महिन्याभरानं आप्पा न्यायला आले. "चार दिस नेतो," सासूबाईंना म्हणाले. त्या चार दिवसांची जवळजवळ दोन वर्षं झाली.

माहेरी पोचले तेव्हा ओट्यावर तरवडाच्या बियांचं पोतं होतं. आप्पांनी हिवाळाभर लांबलांबच्या माळांवरून शेंगा गोळा केल्या होत्या. आईनं त्या बडवून, पाखडून बी काढलं होतं. बी लहान, चपटं, तपकिरी आणि दगडासारखं टणक. तसंच पेरलं तर वर्षभर जमिनीत पडून राहतं, असं आप्पांचं म्हणणं. कुणी शिकवलं नव्हतं. उन्हाळाभर गाडग्यांत माती घालून, निरनिराळ्या तऱ्हा करून त्यांनी ते ताडून पाहिलं होतं.

"आदी कढत पानी," ते मला सांगायला लागले. मी काही विचारलं नव्हतं. "मग रातभर भिजू द्यायचं. सकाळी जे फुगंल ते पेरायचं. जे फुगनार न्हाई ते वाळूत घालून दगडावर घासायचं. तेची पाठ खरडली की पानी आत जातंय."

ते काम माझ्याकडं आलं. पाट्यावर जाड वाळू पसरायची, त्यात मूठभर बी टाकायचं आणि दुसऱ्या दगडानं गोल गोल घासायचं. फार जोर दिला तर बी फुटतं, कमी दिला तर काही होत नाही. मी सकाळपासून दुपारपर्यंत घासत बसायची. आई म्हणायची, ऊठ, जेव. मी उठून जेवायची. म्हणाली झोप, की झोपायची. एकदा बियांवर कढत पाणी ओतताना ते माझ्या डाव्या पायावर पडलं. मी पातेलं रिकामं होईपर्यंत ओतत राहिले. आई ओरडत धावत आली तेव्हा मी खाली पाहिलं. पाऊल लाल झालं होतं, फोड येत होते. आईनं पायावर गार पाणी ओतलं आणि तिथंच बसून ती मोठ्यानं रडली. मी तिला म्हणाले, "काय न्हाई झालं, आई." मला खरंच तसं वाटत होतं.

मिरगाच्या थोड्याशा पावसावर पेरणी झाली. बैल नव्हते. आप्पा टिकावानं उताराला आडव्या रेघा ओढायचे, आई त्यात हातभर अंतरावर चार-चार दाणे टाकायची आणि मी मागून पायानं माती लोटायची. पाय भाजलेला होता म्हणून उजव्यानं. दोन एकराला नऊ दिवस लागले. आठ-दहा दिवसांनी दोन-दोन पानांची जोडी वर आली, सगळी रांगेत. आप्पा रोज सकाळी वाकून रांगा बघत जायचे. आपल्या आयुष्यात त्यांनी पहिल्यांदाच काही पेरलं होतं. कातडं कमावणाऱ्या माणसाच्या हातात सगळं येतं ते मेलेलं येतं. हे मला आता सुचतंय. तेव्हा मी फक्त त्यांच्या मागून पाण्याचा तांब्या घेऊन चालत होते.

त्या वर्षी पाऊस कमीच झाला. शेजारची बाजरी पोटरीत वाळली. तरवड मात्र गुडघ्यापर्यंत आला. मी त्यात गवत काढायची, जिथं तुटक होतं तिथं पुन्हा बी टाकायची. मला ते काम बरं वाटायचं असं म्हणता येणार नाही. बरं वाईट काहीच वाटत नव्हतं. पण हात चालू राहिले की दिवस संपत होता. दिवस मावळायला लागला की तरवडाची पानं मिटतात, जोडीजोडीनं एकमेकांवर पडतात. ती मिटली की घरी जायचं, एवढं मी बघत असे.

मालक दोनदा येऊन गेले. एकदा दिवाळीला, एकदा होळीच्या आसपास. ओट्यावर बसायचे, चहा घ्यायचे, आप्पांशी कातड्याचं बोलायचे. निघताना मला म्हणायचे, "येतीस का?"

मी म्हणायची, "बघू."

ते मान हलवायचे आणि जायचे. दुसऱ्या वेळी आई मला बोलली. "किती दिस थांबंल त्यो मानूस? त्येला दुसरी करून देतील घरचे." मी म्हणाले, "देऊ दे." आई उठून चुलीकडं गेली. मी रागानं बोलले असते तर तिला बरं वाटलं असतं, असं आता वाटतं.

मग बहात्तर साल आलं. पाऊस आलाच नाही. विहिरींचे तळ दिसायला लागले, ओढा तर केव्हाच आटला होता. गावचे अर्धे लोक खडी फोडायला, नाला बांधायला दुष्काळी कामांवर गेले. सगळं शिवार करड्या रंगाचं झालं आणि त्यात आमचा माळ तेवढा हिरवा उभा राहिला. छातीएवढा झाला होता तरवड. भादव्यात त्याला कळ्या आल्या आणि नवरात्राच्या तोंडावर तो फुलला. जे लोक हसले होते ते बांधावर येऊन बघून जायचे. 

घटाला रोज फुलांची माळ लागते. त्या वर्षी झेंडू नव्हता, शेवंती नव्हती, तिळाचंसुद्धा फूल नव्हतं. पहिल्या माळेच्या सकाळी गावातल्या सहा-सात बाया आमच्या बांधाशी आल्या. त्यांच्यातली एकही आजवर आमच्या वस्तीकडं आली नव्हती. वाऱ्याची दिशा फिरली की आमच्या हौदांचा वास गावात जायचा आणि त्याबद्दल आम्हाला बोलणी बसायची. त्या बांधाच्या पलीकडंच उभ्या राहिल्या.

"फुलं देतीस का गं बाई?" एक म्हातारी म्हणाली. "देवीला हाईत."

मी फुलं तोडली. त्यांनी पदर पसरले. मी वरून, हात लागणार नाही अशी, फुलं सोडली. तशीच रीत होती. एका तरण्या बाईच्या कडेवर दोनेक वर्षांची पोरगी होती. माझी असती तर साधारण तेवढीच असती. त्या पोरीनं हात लांब करून पदरातलं एक फूल घेतलं आणि तोंडात घातलं. कडू लागलं असणार. तिनं तोंड वाकडं केलं, पण फूल सोडलं नाही. तिची आई तोंडात बोट घालून ते काढत होती आणि पोरगी हसत होती.

मी बघत होते. आता मला काहीतरी होईल असं वाटलं. मी थांबून वाट पाहिली. काही झालं नाही. मी पुढच्या पदरात फुलं टाकली. नऊ दिवस त्या येत राहिल्या. दहाव्या दिवसापासून कुणी आलं नाही.

हिवाळा सरता सरता जनावरं मरायला लागली. चारा नाही, पाणी नाही. चारा-छावणीत जी पोचली त्यातली काही वाचली. बाकीची रस्त्याकडेला पडली. कातडी यायला लागली, रोज यायला लागली, एवढी की मीठ लावून वाळवायला जागा पुरेना. आप्पांनी इतकी कातडी जन्मात एका वेळी पाहिली नव्हती. त्यांना त्याचा आनंद नव्हता. ओळखीचा बैल असला की ते शिंगांच्या खाली कपाळावर हात ठेवून थोडा वेळ थांबायचे, मग सुरी चालवायचे.

"साल काडाया लागंल," एक दिवस ते म्हणाले. "तीन वर्सं उभा ऱ्हायला असता तर साल जाड झाली आसती. पर आता इलाज न्हाई."

तरवडाची साल ओल असताना सहज सुटते. त्या वर्षी ओल कुठं होती? लाकडाला ती चिकटून बसली होती. जमिनीपासून वीतभर बुंधा ठेवून फांदी कोयत्यानं तोडायची, दगडावर ठेवून लाकडी मोगरीनं सगळ्या बाजूंनी ठेचायची, मग टोकाला चीर देऊन ओढायची. चांगली निघाली तर पट्टी निघते, नाहीतर तुकडे. त्या सालीचा रस कोयत्याच्या लोखंडाला लागला की काळा होतो. आठवड्याभरात आमच्या तिघांचे हात मनगटापर्यंत शाई सांडल्यासारखे झाले. धुऊन जात नसे.

अशातच माघ संपता संपता मालक आले. या वेळी सण नव्हता, काही नव्हतं. दुपारच्या गाडीनं उतरून चालत सरळ माळावर आले. वाळले होते. हाताचे तळवे सोलवटलेले. खांद्यावरचं उपरणं बांधावर ठेवून ते माझ्या समोर बसले, आईच्या हातातली मोगरी घेतली आणि फांद्या ठेचायला लागले. 

आठ दिवस ते राहिले. सकाळी आमच्याबरोबर यायचे, सांजेला परत. साल काढण्यात त्यांचा हात लवकर बसला. चांभारकीच्या हाताला ते अवघड नव्हतं. आप्पा त्यांना बियांचं, पेरणीचं सांगायचे. ते नीट ऐकून घ्यायचे, मधूनच विचारायचे, "मंजी बी घासलंच पायजे?" "तोडल्यावर पुन्ना फुटतो व्हय?" आप्पा खुलून सांगायचे. मी सालीच्या पेंढ्या बांधत बसायची.

आठव्या दिवशी आप्पा आणि आई पेंढ्या घेऊन घरी गेले. आम्ही दोघंच राहिलो. मालक मोगरी चालवत होते. मधेच त्यांनी ती खाली ठेवली.

"तुला यक सांगाया आलोय," ते म्हणाले. "आठ दिस झालं, जमंना."

मी हातातली पेंढी बांधली.

"तिला कुटं ठिवली ते तू इच्यारलं न्हाईस."

"तुमी सांगितलं न्हाई."

"न्हाई सांगितलं," ते म्हणाले. "तिला तशी घिऊन गाडीत कुनी बसू दिलं नसतं मला. तुला संगं घिऊन जायची माज्यात ताकद नव्हती. मला वाटलं, हिला न्हाई दाखवलं तर हिला सोपं जाईल." थोडं थांबून म्हणाले, "स्टँडच्या मागनं वढा जातोय. तेच्या वरच्या अंगाला, हमालानं जागा दाखवली. वर दगडं ठिवली मी. सात. मोजून ठिवली, पुन्ना सापडावं म्हनून. तालुक्याला गेलो की जाऊन बघून यायचो."

मला वाटलं, एवढंच सांगायचं असेल. पण ते पुढं बोलले.

"आता तिथं तलावाचं काम काडलंय. दुष्काळी काम. मी बी तिथंच हाय, चार म्हयनं झालं. भिंतीची लाइनदोरी लावली ती नेमकी तेच्यावरनं गेली. मुकादमाला म्हनलं, थोडी सरकवा. त्यो म्हनला, का? मला सांगता आलं न्हाई." त्यांनी तळवे उघडून माझ्यापुढं धरले. "तिच्यावर मातीची भिंत आली. दुसऱ्यानं टाकन्यापरीस आपुनच टाकावी म्हनून त्या ठिकानची घमेली मीच टाकली. कुनाला टाकू दिली न्हाईत. आता वर दोन पुरुस उंच माती हाय. दगडं दिसत न्हाईत."

मी त्यांच्या हातांकडं बघत होते. त्यांचेही हात आता आमच्यासारखे काळे होते.

"लई उंच हाय का?" मी विचारलं.

"हाय. आजून वर जानार हाय."

 रडावं, ओरडावं, निदान त्यांच्या अंगावर काही फेकावं, यातलं काहीही माझ्या हातून झालं नाही. मी उठले, बांधावरची कळशी आणली आणि त्यांना प्यायला पाणी दिलं. ते प्याले. मी राहिलेलं प्याले. नंतर मी म्हणाले, "मला जागा बघायची हाय."

"चल," ते म्हणाले.

तरवडाचं पुढं काय झालं ते इथंच सांगते. साल होती, कातडी होती, पण कमवायला पाणी नव्हतं. माणसांना प्यायला टँकर येत होता, त्यात कातड्याला कोण देणार? ओढ्यात झिरा खणून आप्पांनी सुरुवात केली, तर गावानं हरकत घेतली. आप्पांनी भांडण केलं नाही. त्यांनी साल वाळवून छपरात रचून ठेवली आणि वाट पाहिली. पुढच्या पावसाळ्यात ओढा वाहिला तेव्हा हौद भरले, तोवर निम्मी कातडी किडीनं आणि उन्हानं वाया गेली होती. राहिलेली त्यांनी कमावली. पातळ सालीचं कातडं, पण चांगलं निघालं, असं ते सांगायचे. त्याच पावसात सगळे बुंधे फुटले, एका फांदीच्या जागी पाच-पाच. ती साल दोन वर्षांनी खरी जाड झाली. मग शहरातून कारखान्यात कमावलेलं स्वस्त कातडं यायला लागलं, पाठोपाठ रबरी तळवे आले. आप्पांनी काम थांबवलं तेव्हा तरवड तसाच उभा होता. त्यांच्या मागं माझ्या भावानं तो काढून विहीर पाडली आणि लिंबं लावली. बुंधे काढायला त्याला दोन उन्हाळे लागले म्हणे.

मी मालकांबरोबर दुसऱ्या दिवशी निघाले. आप्पा फाट्यापर्यंत पोचवायला आले. आईनं भाकरी बांधून दिली. 

श्रीगोंद्याच्या स्टँडवर उतरून आम्ही मागच्या बाजूनं चालत गेलो. ओढा कोरडा ठक्क होता. पलीकडं शेकडो माणसं कामाला लागलेली, बाया डोक्यावर घमेली घेऊन एकीमागून एक चढणीला लागलेल्या, वरून माती पडली की धुरळा उडत होता. मालक तलावाच्या बांधाच्या मधोमध जाऊन थांबले. इकडं तिकडं बघितलं, चार पावलं मागं आले, पुन्हा एक पाऊल पुढं गेले.

"हितं," ते म्हणाले. "हितंच आसंल. थोडं हिकडं तिकडं."

मी तिथं उभी राहिले. एक बाई घमेलं रिकामं करून आमच्याकडं बघत गेली. मुकादमानं लांबूनच विचारलं, "काय रे, बायकूला बी लावायची का कामावर?" मालक म्हणाले, "व्हय. उद्यापासनं." त्यांनी माझ्याकडं वळून पाहिलं, काही चुकलं का म्हणून. मी होकाराची मान हलवली. तसंही घरात बसून काय करणार होते? दुसऱ्या दिवसापासून मी त्या बांधावर माती टाकायला लागले आणि पाऊस सुरू होईपर्यंत टाकत होते.

त्या आधीच्या संध्याकाळची एक गोष्ट सांगायची राहिली. घरी पोचलो तेव्हा सासूबाई चुलीपुढं होत्या. मला बघून त्या उठल्या नाहीत, पण आणखी एक भाकरी थापली. रेशनवर मिळालेली लाल मिलो ज्वारी होती. परदेशातून आलेली, त्या दुष्काळात सगळ्यांच्याच घरात असायची. माहेरी आप्पांनी कुठून कुठून जुनी ज्वारी साठवलेली होती, म्हणून मी ती तोवर खाल्ली नव्हती. ताट पुढं आलं. मी एक घास मोडला. तो तोंडात फिरत राहिला, आत जाईना. चिकट, उग्र, कसलीतरी वेगळीच चव.

"ही मला जायची न्हाई," मी म्हणाले. आवाज एवढा मोठा आला की माझी मलाच ओळख पटली नाही. "जनावरं तरी खात्याल का ही? दोन वर्सांनं घरात आले आन् हे वाडलं?"

 मालक घास हातात धरून थांबले. मी ताट पुढं सरकवलं. मला राग आला होता, कानशिलं तापली होती.

"मग काय पुरनाची पोळी करू?" सासूबाई फणकारल्या. "गावात जा, बघ, कुनाच्या चुलीवर दुसरं काय हाय!"

"मीठ तरी घाला," मी म्हणाले. "न्हाईतर मिरची द्या."

त्यांनी मिरच्यांचा ठेचा माझ्यापुढं आदळला. मी तो भाकरीला लावून खाल्ला. डोळ्यांतून, नाकातून पाणी यायला लागलं, जिभेची आग आग झाली. मी आणखी एक भाकरी मागितली आणि सासूबाईंनी ती वाढली.